पाठीला पाठ लावून उभी घरे

वारसा हा शब्द ऐकला की आपल्या डोळ्यांसमोर बीबी का मकबरा येतो, दौलताबाद येते, समुद्रात उभा असलेला जंजिरा येतो. ते योग्यच आहे. पण मकबऱ्याचा संगमरवर घासणारा कारागीर रात्री कुठे झोपत होता? जंजिऱ्याच्या तटासाठी दगड वाहणाऱ्या माणसाची चूल कुठे पेटत होती? याचे उत्तर दाखवणारी एकही भिंत आज उभी नाही. राजांची घरे टिकतात, कष्टकऱ्यांची घरे पडतात आणि मग इतिहासही राजांपुरताच उरतो.

म्हणूनच या अंकात आम्ही वाचकांना एका अगदी साध्या घराची ओळख करून देत आहोत. त्याला घुमट नाही, कमान नाही, नक्षी नाही. एका छपराखाली, मधल्या एकाच भिंतीला पाठ लावून उभी असलेली दोन मजूरघरे, अशा तीन जोड्या आणि त्यांच्या शेजारची काही घरे इंग्लंडमधील बर्मिंगहॅम शहराने जपून ठेवली आहेत. ती का जपली, कशी जपली आणि आपल्या चाळी एकामागून एक पडत असताना त्यातून आपल्याला काय घेता येईल, हा या लेखाचा विषय आहे.

एक छप्पर, दोन घरे

बर्मिंगहॅमला जुन्या काळी ‘हजार धंद्यांचे शहर’ म्हणत. बटणे, पेनाच्या निबा, बंदुका, कुलपे, दागिने, पितळी सामान असे असंख्य धंदे तिथे चालत. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून खेड्यापाड्यांतून माणसांचे लोंढे कामासाठी शहरात आले. जागा महाग होती आणि मजुरांची कमाई थोडी. मग घरमालकांनी एक हिशेबी युक्ती काढली. एक घर बांधायचे आणि त्याच्या मधोमध पातळ भिंत घालून त्याची दोन करायची. एका घराचे तोंड रस्त्याकडे, दुसऱ्याचे मागच्या चौकाकडे. विटा कमी लागल्या, छप्पर एकच पुरले आणि भाडे मात्र दोन घरांचे मिळाले. अशा घरांना इंग्रजीत ‘बॅक टू बॅक’ म्हणतात, म्हणजे पाठीला पाठ लावलेली घरे.

या घराची रचना नीट समजून घेतली की तिथल्या जगण्याची कल्पना येते. मागची भिंत पाठीमागच्या घराशी सामाईक आणि दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांशी सामाईक. दार-खिडक्या फक्त समोर. त्यामुळे हवा आत येई, पण पलीकडून बाहेर जायला तिला वाट नसे. एकावर एक तीन मजले आणि प्रत्येक मजल्यावर एकच खोली. खाली चूल, जेवण आणि बहुधा धंद्याचे कामही. वर झोपण्याच्या खोल्या, त्यांना जोडणारा अरुंद आणि उभा जिना. पाणी घरात नाही, शौचालय घरात नाही. पुढच्या घराला रस्त्याची थोडी हवा मिळे म्हणून त्याचे भाडे जास्त, चौकातल्या घराचे कमी.

हर्स्ट स्ट्रीट आणि इंज स्ट्रीट या दोन रस्त्यांच्या कोपऱ्यावर जो समूह आज उभा आहे, त्याचे जुने नाव ‘कोर्ट क्रमांक १५’. १८०२ ते १८३१ या काळात तो टप्प्याटप्प्याने बांधला गेला. ज्यांनी मुंबईची चाळ पाहिली आहे त्यांना ‘कोर्ट’ म्हणजे काय हे सांगायला नको. मध्ये चौक, भोवती घरे आणि चौकात सगळ्यांचे सामाईक संडास, राखेचे खड्डे आणि कपडे धुण्याची खोली.

ही धुण्याची खोली म्हणजे बायकांचे राज्य. तिथे तांब्याचे मोठे पातेले चुलीवर बसवलेले असे. पाणी भरायचे, कोळसा घालायचा, कपडे उकळायचे, चोळायचे, पिळायचे आणि चौकात बांधलेल्या दोऱ्यांवर वाळत घालायचे. प्रत्येक घराचा वार ठरलेला. हवेत कारखान्यांचा धूर असे, त्यामुळे धुतलेल्या चादरीवर पुन्हा काजळी बसे. चौकात भांडणे होत आणि बाळंतिणीच्या घरी शेजारीण गरम सूप घेऊन जाई, तेही याच चौकातून. इतिहासाच्या पुस्तकात वाफेच्या इंजिनाला एक धडा मिळतो. त्या इंजिनाशेजारी राबणाऱ्याचा सदरा धुणाऱ्या बाईला एक ओळही मिळत नाही. तिची ओळ या चौकात लिहिलेली आहे.

पहिल्या महायुद्धाच्या सुमारास एकट्या बर्मिंगहॅममध्ये अशी ४३ हजारांहून जास्त घरे होती आणि त्यांत सुमारे दोन लाख माणसे राहत होती. रोगराई, दमटपणा आणि गर्दी यांमुळे शहराने १८७६ मध्येच अशी नवी घरे बांधायला मनाई केली होती. १९०९ च्या कायद्याने ती मनाई देशभर लागू झाली. पण बांधलेली घरे लगेच कोण पाडणार? माणसे त्यांतच राहत राहिली.

जोडघरांचा दुसरा नमुना

त्याच शहराच्या दक्षिणेला कामगारांच्या जोडघरांचा अगदी वेगळा नमुना उभा राहिला. चॉकलेटच्या कारखान्याचे मालक जॉर्ज कॅडबरी यांनी १८९३ मध्ये कारखान्याजवळ १२० एकर जमीन घेतली आणि १८९५ पासून तिथे बोर्नव्हिल ही वस्ती वसवायला सुरुवात केली. अलेक्झांडर हार्वे या तरुण वास्तुविशारदाने घरांचे आराखडे काढले. इथेही बहुतेक घरे जोडीनेच बांधली. मात्र ती पाठीला पाठ लावून नव्हे, खांद्याला खांदा लावून. त्यामुळे प्रत्येक घराला पुढून आणि मागून हवा मिळाली आणि मागे बाग मिळाली. बागेत भाजी लावावी, फळझाडे असावीत, असा आग्रह होता. कॅडबरींनी १९०० मध्ये ही वस्ती एका विश्वस्त संस्थेच्या हाती सोपवली. विशेष म्हणजे ही घरे फक्त कारखान्याच्या कामगारांसाठी नव्हती, इतरांनाही ती मिळत.

बोर्नव्हिलमध्ये आजही माणसे राहतात. शहराने तो भाग संरक्षित म्हणून राखला आहे. दोन्ही प्रकारची जोडघरे पाहिली म्हणजे लक्षात येते की गरीब माणसाचे घर कोंदट असते ते गरिबीमुळे आपोआप नाही. ते कुणीतरी तसे बांधलेले असते. भिंत कुठे घालायची आणि खिडकी कुठे ठेवायची हा निर्णय होता आणि तो बदलता येत होता. हे समजण्यासाठी दोन्ही नमुने डोळ्यांसमोर असायला हवेत. नुसते बोर्नव्हिल उरले असते तर मालक दयाळू होते एवढेच पुढच्या पिढीला कळले असते. ती दया कशावरचा उपाय होती, हे कळले नसते.

जे वाचले ते कसे वाचले

विसाव्या शतकात, विशेषतः दुसऱ्या महायुद्धानंतर, बर्मिंगहॅमने ही जुनी घरे झपाट्याने पाडली. ज्यांनी त्यांत आयुष्य काढले त्यांना याचे फारसे दुःख झाले नाही आणि व्हावे असेही काही नव्हते. घरात नळ, न्हाणीघर आणि स्वतःचा संडास मिळणे ही मोठी गोष्ट होती. कोर्ट क्रमांक १५ ही राहण्यास अयोग्य ठरवून १९६६ मध्ये रिकामी करण्यात आली. पण रस्त्याकडच्या तळमजल्यावर दुकाने होती आणि ती चालू राहिली. या दुकानांमुळेच इमारत तग धरून राहिली.

त्यानंतर लक्षात आले की हजारो घरांपैकी पाठीला पाठ लावलेल्या घरांचा चौकासकट उरलेला असा समूह शहरात हा एकच आहे. १९८८ मध्ये त्याची नोंद संरक्षित वास्तूंच्या यादीत झाली. स्थानिक वारसा न्यासाने अभ्यास करून दुरुस्ती केली आणि २००४ मध्ये ‘नॅशनल ट्रस्ट’ या संस्थेमार्फत ही घरे लोकांना पाहण्यासाठी खुली झाली.

दुरुस्ती करताना एक शहाणपणाचा निर्णय घेण्यात आला. सगळी घरे एकाच काळातली दाखवायची नाहीत. एकेक घर एकेका काळातले आणि तिथे खरोखर राहिलेल्या किंवा काम केलेल्या माणसाचे. एका घरात १८४० च्या दशकातले लेव्ही हे ज्यू कुटुंब आहे. घड्याळाचे काटे बनवणे हा त्यांचा धंदा. दुसऱ्या घरात १८७० च्या दशकातले ओल्डफील्ड कुटुंब. घरधनी काचेचे डोळे बनवत असे. घर मुलाबाळांनी भरलेले, वर भाडेकरूही ठेवलेले. तिसरे घर १९३० च्या दशकातल्या मिचेल कुटुंबाचे. कुलपे बनवण्याचा त्यांचा धंदा पिढ्यानपिढ्या याच चौकात चालला. आणि शेवटी जॉर्ज सॉन्डर्स यांचे शिंप्याचे दुकान. ते १९५८ मध्ये कॅरिबियन समुद्रातल्या सेंट किट्स बेटावरून इंग्लंडला आले. १९७० च्या दशकात त्यांनी इथे दुकान थाटले आणि २००१ पर्यंत चालवले. त्यांची कात्री, कापडाचे नमुने आणि अर्धवट शिवलेले कपडे दुकानात तसेच ठेवले आहेत.

बाहेरून आलेल्या माणसांनाही या शहराच्या वारशात जागा मिळाली, हे आम्हाला सर्वांत महत्त्वाचे वाटते. एक ज्यू कारागीर, एक काळा शिंपी आणि खेड्यांतून आलेले इंग्रज मजूर यांची घरे एकाच चौकात, सारख्याच काळजीने जपली आहेत. शहर कोणाचे, या प्रश्नाला त्या चौकाने दिलेले हे उत्तर आहे.

आपल्या वाचकांसाठी याला आणखी एक धागा आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर मीरपूर, सिल्हेट आणि गुजरातमधून अनेक मुस्लिम कामगार इंग्लंडच्या कारखान्यांत गेले आणि ओळीत बांधलेल्या अशाच जुन्या मजूरघरांत राहिले. नमाजासाठी जागा हवी झाली तेव्हा त्यांनी वर्गणी काढून एखादे घर घेतले. जमात वाढली तशी शेजारचे घर घेतले आणि मधली भिंत काढली. बाहेरून दोन साधी घरे, आत एक मशीद. वास्तुविशारद शाहिद सलीम यांनी इंग्लंडमधल्या मशिदींच्या इतिहासावर लिहिलेले पुस्तक तिथल्या ‘हिस्टॉरिक इंग्लंड’ या सरकारी वारसा संस्थेनेच २०१८ मध्ये प्रकाशित केले. त्यात अशा घरगुती मशिदींचीही दखल घेतली आहे.

मोल कशात आहे?

एखादी वास्तू जपण्याजोगी आहे का, हे ठरवताना जाणकार काही प्रश्न विचारतात. ती दुर्मिळ आहे का? ती एखाद्या काळाची किंवा जीवनपद्धतीची साक्ष देते का? तिचे मूळ रूप किती उरले आहे? लोकांच्या मनात तिला काही स्थान आहे का? सौंदर्य हा या प्रश्नांपैकी फक्त एक आहे. मजूरघर सुंदर नसेल, पण बाकीच्या प्रश्नांना ते ठाम उत्तर देते. त्याच्या भिंतीवर एकावर एक चिकटवलेल्या कागदांचे थर असतात. दर थरामागे एक नवे बिऱ्हाड, एक लग्न किंवा एखाद्या सणाआधीची रंगरंगोटी असते. जिन्याच्या पायऱ्या मधोमध झिजलेल्या असतात. हे कोणत्याही कागदपत्रात सापडत नाही.

जगानेही हे मान्य केले आहे. युनेस्कोने २००१ मध्ये जागतिक वारसा यादीत स्कॉटलंडमधील न्यू लॅनार्क आणि इंग्लंडमधील सॉल्टेअर या दोन गिरणीवस्त्या घेतल्या. त्यांत गिरण्यांबरोबर कामगारांची घरेही आली.

यात एक धोका आहे आणि तो लपवू नये. जुने दुःख धुऊन-पुसून देखणे केले की ते दुःख राहत नाही, करमणूक होते. कोर्ट क्रमांक १५ मधली दोन घरे आज सुट्टीसाठी येणाऱ्या पाहुण्यांना भाड्याने मिळतात, अर्थात आधुनिक सोयींसह. ज्या घरातून बाहेर पडायला मजूर आतुर होता तिथे आज कुणी हौसेने दोन रात्री काढतो. काहींना हे खटकेल. आमचे मत असे की त्या भाड्यातून छपराची डागडुजी होत असेल तर ते चालेल. अट एकच. तिथे येणाऱ्याला चौकातला सामाईक संडासही दाखवला पाहिजे आणि पाणी कुठून भरून आणावे लागे हेही सांगितले पाहिजे.

आपल्या चाळींचे काय?

आता आपल्या घराकडे वळू. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. त्यानंतर १८९८ मध्ये मुंबई सुधार न्यास स्थापन झाला आणि त्याने बांधलेल्या चाळींना लोक बीआयटी चाळी म्हणू लागले. पुढे १९२० च्या दशकात सरकारच्या विकास खात्याने वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी इथे बीडीडी चाळी उभारल्या. एकूण २०७ इमारती, एकेक खोली सुमारे १६० चौरस फुटांची आणि संडास सामाईक. बर्मिंगहॅमच्या चौकाशी यांचे नाते सांगण्यासाठी फार ओढाताण करावी लागत नाही. एकाच साम्राज्याच्या दोन टोकांना, गिरण्या आणि कारखान्यांसाठी माणसे साठवण्याची ही व्यवस्था होती.

या खोल्यांत काय घडले याचे एक उदाहरण पुरे. परळच्या बीआयटी चाळीत ५० आणि ५१ क्रमांकाच्या दोन खोल्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर राजगृहात जाण्यापूर्वी कित्येक वर्षे राहत होते. महाडच्या सत्याग्रहाच्या काळात त्यांचे बिऱ्हाड याच चाळीत होते. मजुरांच्या वस्तीतल्या दोन खोल्यांचे मोल किती असू शकते, हे आणखी कोणी सांगायला हवे का?

आपल्या समाजाचाही या घरांशी जुना संबंध आहे. १८५७ नंतर पूर्व उत्तर प्रदेशातून विणकर मोमीन कुटुंबे मुंबईत मदनपुऱ्यात, तसेच भिवंडी आणि मालेगावला आली. त्यांचे घर म्हणजेच कारखाना होता. एका खोलीत माग, त्याच खोलीत पाळणा. कोकणातून बोटीवर आणि गोदीत कामाला आलेली माणसे गावच्या खोलीत पथारीला पथारी लावून झोपत. कुणाचे दादा, कुणाचे नाना या खोल्यांतून सौदीला, आफ्रिकेला, इंग्लंडला गेले. आज त्या खोल्या आणि ते माग दोन्ही वेगाने नाहीसे होत आहेत.

मुंबईत वारसा वास्तूंसाठी १९९५ पासून नियम आहेत आणि श्रेण्याही ठरलेल्या आहेत. २०१८ मध्ये फोर्ट आणि मरीन ड्राइव्ह परिसरातील व्हिक्टोरियन आणि आर्ट डेको इमारती जागतिक वारसा यादीत गेल्या. त्याचा आनंद आहेच. पण ज्या गिरण्यांच्या पैशावर हे शहर सजले, त्या गिरण्या चालवणाऱ्यांच्या खोल्यांना त्या यादीत जागा नाही.

याचा अर्थ चाळी पाडू नयेत, असा मुळीच नाही. शंभर वर्षे सामाईक संडासापुढे रांग लावलेल्या कुटुंबाला ५०० चौरस फुटांचे स्वतःचे घर मिळत असेल तर तो त्याचा हक्क आहे. ‘तुमची चाळ फार ऐतिहासिक आहे, तुम्ही तिथेच राहा,’ असे सांगण्याचा अधिकार चाळीत न राहणाऱ्याला नाही. बर्मिंगहॅमनेही सगळे राखले नाही. हजारो घरांतला एक चौक राखला. आपल्यालाही तेवढेच करायचे आहे. प्रत्येक वस्तीत एखादी इमारत, निदान समोरासमोरच्या दोन खोल्या, मूळ रूपात ठेवाव्यात आणि बाकी सगळ्यांची नोंद करावी. मात्र एक फरक लक्षात घ्यायला हवा. बर्मिंगहॅमला ही आठवण आली तेव्हा एकच चौक उरला होता. आपल्याकडे अजून निवड करण्याइतक्या इमारती उभ्या आहेत.

घरातून सुरुवात

इमारत राखणे सरकारच्या हाती असेल, पण नोंद ठेवणे आपल्या हाती आहे. लेव्ही, ओल्डफील्ड, मिचेल ही नावे कळली ती जनगणनेच्या कागदांवरून आणि जुन्या शेजाऱ्यांच्या आठवणींवरून. आपल्या घरातही असे बरेच काही पेटीच्या तळाशी पडलेले असते. खोली सोडण्यापूर्वी, घर पाडण्यापूर्वी वाचकांनी पुढील गोष्टी जरूर कराव्यात.

खोलीची लांबी, रुंदी आणि उंची मोजून कागदावर साधा नकाशा काढा. चूल, मोरी, माळा, पाळण्याचा हूक, मागाची जागा आणि जानमाज अंथरण्याची जागा त्यावर दाखवा. चारही भिंतींचे आणि छताचे फोटो घ्या. दाराबाहेरचा व्हरांडा, जिना, नळ आणि संडासही सोडू नका, कारण संकोचापोटी नेमके तेच फोटो कुणी काढत नाही.

भाडेपावत्या, रेशनकार्ड, गिरणीचा पास, गोदीचे ओळखपत्र, जहाजावरच्या नोकरीचे पुस्तक ही कागदपत्रे रद्दीत देऊ नका. उर्दूत लिहिलेली पत्रे आणि हिशेबाच्या वह्या असतील तर ज्यांना ती वाचता येतात त्यांच्याकडून आजच मराठीत उतरवून घ्या. घरातल्या पुढच्या पिढीला ती लिपी येईलच, याची खात्री नाही.

दादी, नानी, खाला यांना मोबाइलसमोर बसवा आणि बोलते करा. प्रश्न छोटे ठेवा. पाणी किती वाजता यायचे? रमजानमध्ये सहरीला कोण उठवायचे? एका खोलीत किती जण झोपायचे आणि पाहुणे आले की कोण बाहेर जायचे? बाळंतपण कुठे व्हायचे? मजल्यावर कोणकोण राहायचे आणि ती माणसे कुठून आलेली? शेजारच्या हिंदू, ख्रिस्ती, बौद्ध कुटुंबांची नावेही विचारा. पुरुष कामाच्या जागेची आठवण सांगतील, घराची आठवण बायकांकडेच असते.

शेवटी या सगळ्याची एक प्रत गावच्या किंवा मोहल्ल्याच्या वाचनालयात द्या. मोबाइल बदलला की फोटो जातात, वाचनालयातला कागद टिकतो.

ज्या वाचकांची चाळ किंवा जुने घर येत्या काही महिन्यांत पाडले जाणार असेल, त्यांनी हे काम ईदची किंवा लग्नसराईची वाट न पाहता या रविवारीच करावे. मोजपट्टी, मोबाइल, वही आणि घरातले एखादे वडीलधारे माणूस एवढे पुरेसे आहे.